एक चिट्ठी खोडायची राहिली

माझ्या बायकोला हे माहीत नाही. इतकी वर्षं एका घरात काढली, पण तिला सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं नाही असं नाही. दर वेळी तोंडापर्यंत यायचं आणि मी प्यायला पाणी मागायचो. आता लिहितोय, कारण गेल्या महिन्यात जे घडलं त्यानंतर गप्प बसणं मला जमेना. ते शेवटी सांगतो.

एकसष्टच्या शिरगणतीत मी प्रगणक होतो. सरकारी कागदावर जनगणना असं छापलेलं होतं, पण आमच्या भागात तेव्हा सगळे निजामाच्या वेळेचा खानेसुमारी हाच शब्द वापरायचे. महाराष्ट्र होऊन वर्षही पुरतं झालं नव्हतं. आमचा उस्मानाबाद जिल्हा आधी हैदराबादेतून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात असा दोनदा हलला होता. पण कचेरीतली टेबलं, पेट्या, पट्टेवाल्याचा सलाम सगळं जिथल्या तिथं होतं. मी बावीस वर्षांचा, येरमाळ्यापासून दोन कोस आत एका खेड्यातला एकटा मास्तर, आणि हंगामी. दर सहा महिन्यांनी नवा हुकूम यायचा. हुकूम यायच्या आधीचा महिना मला जेवण गोड लागायचं नाही. घरी आई आणि दोन बहिणी होत्या, आणि मिळवता मी एकटा.

कळंबला तहसील कचेरीत आमची शिकवणी झाली. तहसीलदार जुन्या राजवटीतले होते, आवाज चढवायचे नाहीत. ते म्हणाले, "देखो मास्टर लोग, एक भी सर छूटा, तो तुम्हारा हुकूम भी छूटा." लोक हसले. मी हसलो नाही, कारण खोलीत हंगामी कोण कोण आहेत हे त्यांना पाठ होतं आणि हे म्हणताना ते माझ्याकडं बघत होते.

त्या दिवशी शिकवलेल्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पहिली अशी. माणशी एक चिट्ठी लिहायची. गणतीचे पंधरा-वीस दिवस संपले की एक ठरलेला दिवस, आणि त्या दिवसाचा सूर्योदय ही सीमा. त्यानंतर तीन दिवस पुन्हा घरोघर फिरायचं. सूर्योदयाच्या आत कुणी मेलं असेल तर त्याच्या चिट्ठीवर लाल रेघ मारून मयतांच्या यादीत त्याला चढवायचं. सूर्य उगवल्यावर मेलं असेल तर तसंच राहू द्यायचं, सरकारच्या लेखी ते जिवंत. दुसरी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. फिरताना कुठं पटकी किंवा देवी दिसली तर त्याच दिवशी कळवायचं, म्हणजे टोचणाऱ्याला पाठवता येईल. टोचणारा म्हणजे ज्याला लोक देवी डॉक्टर म्हणत, तो.

गावात कामाला लागलो तर लोक घाबरलेले. यादी हा शब्दच आमच्याकडं वाईट. पोलिस ॲक्शनच्या वेळी कुणाकुणाच्या याद्या झाल्या होत्या, आणि त्यातली काही माणसं परत दिसली नव्हती. त्याआधी लेव्हीच्या याद्या. खाणारी तोंडं किती हे सरकारला कळलं की कणगीतलं धान्य जातं, हे बायकांना पक्कं ठाऊक होतं. मी घरांवर गेरूनं नंबर टाकले, तर दुसऱ्या दिवशी निम्म्या नंबरांवर शेण फिरलेलं. पुन्हा टाकले, पुन्हा फिरलं. चावडीवर बसणाऱ्या एका म्हाताऱ्याला वय विचारलं तर तो म्हणाला, "मेलेल्याचं लिवत न्हाईत ना तुमी? मग माजं अर्धंच लिवा. म्या निम्मा गेलोय." त्याच्या शेजारचा म्हणाला, निम्मा गेलाय पण खायाला सगळा हाय. अशा थट्टेवर दिवस निघायचा. ज्वारीची काढणी चालू होती. माणसं उन्हं वर यायच्या आत शेतात जायची, म्हणून मी भल्या सकाळी निघायचो.

तिसऱ्या दिवशी ओढ्याखालच्या वस्तीवर गेलो. सात-आठ झोपड्या. एका झोपडीच्या दाराला लिंबाचा टहाळा लावलेला. दारातल्या माणसानं हात जोडले आणि बाई आल्यात म्हणाला. देवी आल्यात असं कुणी म्हणायचं नाही. बाई, पाहुणी असंच म्हणायचे. मी तिथूनच मागं फिरायचं, कचेरीत निरोप धाडायचा, एवढं सोपं होतं. पण घरातली माणसं बाहेर येईनात, पाहुणी असताना उंबऱ्याबाहेर यायचं नसतं, आणि तहसीलदारांचं वाक्य माझ्या मानेवर बसलेलं. मला लहानपणी टोचलेलं होतं, म्हणून माझ्यापुरती भीती नव्हती. मी वाकून आत गेलो.

घोंगडीवर दहा-अकरा वर्षांची मुलगी निजलेली होती. तोंडभर फोड, डोळे चिकटलेले. वास होता, तो अजून मला कधीकधी अचानक येतो. चिट्ठ्यांचा गठ्ठा मी दस्तीत, म्हणजे माझ्या मोठ्या हातरुमालात, गुंडाळून आणला होता. दस्ती सोडली, तिच्या घोंगडीच्या कडेला पसरली, त्यावर चिट्ठ्या मांडल्या आणि लिहायला बसलो. मुलीनं आपलं नाव स्वतः सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. सरकारनं तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. लिहून झाल्यावर मी चिट्ठ्या पुन्हा दस्तीत बांधल्या. ती मुलगी वाचली, हेही इथंच सांगून टाकतो.

वर येताना पोलीस पाटील भेटले. मी त्यांना सांगितलं. त्यांना आधीच माहीत होतं. ते शांतपणे म्हणाले, कळवलं की उद्या सुयावाला येणार. सुयावाला येतोय म्हटलं की बाया पोरं घेऊन ज्वारीत जाऊन बसणार, चार-चार दिवस. घरं बंद. मग तुमची खानेसुमारी कशाची? "तुमचं काम उरकू द्या मास्तर," ते म्हणाले, "मग म्याच सांगतो. बाई काय पळून चालल्यात व्हय?"

मी हो म्हणालो. पाटलांवर ढकलायचं नाही. त्यांनी मला धरून ठेवलं नव्हतं. मला ते ऐकायला बरं वाटलं, एवढंच खरं आहे. जे माझ्या मनात होतं ते दुसऱ्याच्या तोंडून आलं.

तिथून मी थेट गावात गेलो. हातपाय धुतले नाहीत. गावाच्या कडेला चिंचेखालचं घर राहिलं होतं, दोनदा शेण फिरलेलं. त्या घरातल्या बाईची दोन पोरं गेली होती. एक जन्मताच, एक दात यायच्या दिवसांत. तिसरा मुलगा अकरा महिन्यांचा होता. त्याचं नाव असं ठेवलेलं की ऐकून कुणाला उचलून न्यावंसं वाटू नये. मुलगा असून नाक टोचलेलं. आणि जन्मल्याबरोबर तो शेजारणीच्या ओटीत टाकून मूठभर कोंड्याला परत विकत घेतलेला. म्हणजे तो हिचा नाहीच. हिचा नाही म्हटलं की हिच्या नशिबातलं मरण त्याला सापडायचं नाही, अशी सगळी व्यवस्था. तिकडं अशी पोरं मोजत नाहीत. आईला कुणी पोरं किती असं विचारतही नाहीत.

मी विचारलं. शेजारीण मध्ये पडली, ते पोर माझं हाय म्हणाली. मी म्हणालो, तुमच्या घरात तर तुम्ही ते सांगितलं नाही. ती म्हणाली, विसरले. मला हसू आलं आणि रागही आला. उन्हं तापली होती, अजून नऊ घरं राहिली होती. एक पोर घरात आणि कागदावर नाही, तहसीलदार म्हणतात तो सुटलेला सर हाच, असं मला वाटलं. मी आवाज चढवला. खोटी माहिती दिली तर कायद्यात शिक्षा आहे, असं म्हणालो. कायदा खरा होता. पण चावडीवरचा म्हातारा निम्मा गेलोय म्हणाला तेव्हा मी तो काढला नव्हता. पंचविशीच्या एका बाईसमोर काढला.

तिचा चेहरा उतरला. तिनं आत बघितलं. मग तिनं मला एकच गोष्ट विचारली.

"मास्तर, तुमी खालच्या वस्तीवरनं तर न्हाय ना आला?"

मी म्हणालो, "नाही बाई. शाळेतून सरळ आलो."

का म्हणालो, याचं उत्तर मी वीस वर्षं शोधतोय आणि ते फार लहान आहे. हो म्हणालो असतो तर तिनं दार लावलं असतं, आणि मला पुन्हा यावं लागलं असतं.

तिनं पोर बाहेर आणलं. मला नमस्कार केल्यासारखं करून उंबऱ्यात बसली. मी ओट्यावर दस्ती पसरली, चिट्ठ्या मांडल्या. वय विचारलं, ती बोटं मोजायला लागली आणि मोजता मोजता थांबली. मोजायचं नव्हतं ना. मी अंदाजानं लिहिलं. तेवढ्यात पोरगं रांगत पुढं आलं, दस्तीचं टोक धरलं आणि तोंडात घालून चोखायला लागलं. मी बघितलं. मी बघत होतो हे मला नीट आठवतं. ओढून घ्यावी असं वाटलं, पण का ओढता असं तिनं विचारलं तर काय सांगायचं? ती थोडी हसली. त्या सबंध वेळात ती एकदाच हसली. म्हणाली, दात सळसळायल्यात त्याचे, काय बी चावतंय.

संध्याकाळी शाळेतल्या पातेल्यात मी दस्ती उकळली. मग ती मागच्या करडईच्या रानाच्या बांधाला पुरली. उकळल्यावर पुरायची काय गरज होती, मला सांगता येत नाही.

पुढचे दिवस मी मोजत होतो. लहानपणी आमच्या गल्लीत देवी आली होती, तेव्हा म्हातारी माणसं म्हणायची, बारा दिवस गेले की सुटलो. मी रोज सकाळी चिंचेच्या घरावरून जायचो. आत जायचो नाही. दाराकडं बघायचो, टहाळा नाही ना. शाळेत पोरं पाढे म्हणत आणि माझं लक्ष रस्त्यावर. तहसीलच्या दिशेनं कुणी सायकलवर आलं तरी वाटायचं, कुणीतरी सांगितलंय. अकराव्या दिवशी दार साधं होतं. बाराव्या दिवशी टहाळा होता.

मी तेव्हाही कळवलं नाही. आता कळवलं तर आधी कधी कळलं होतं हे विचारतील. भीती अशी वाढत जाते, आधी बोटाएवढी असते. कळंब फार लांब नव्हतं. वस्तीवर देवी दिसली त्या दिवशीच माणूस धाडला असता तर टोचणारा दोन दिवसांत आला असता, आणि लागण झाल्यावर लगेच टोचलं तरी उपयोग होतो, हे मला पुढं एका डॉक्टरांनी सहज बोलताना सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं ते कुणाला सांगतायत.

ठरलेल्या दिवसाचा सूर्योदय झाला. फेरतपासणीला मी आधी सगळं गाव घेतलं आणि चिंचेचं घर शेवटी ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गेलो. टहाळा काढलेला होता. बाई भिंतीला टेकून बसलेली, तिचा नवरा अंगणात कडब्याच्या पेंढ्या नुसत्याच इकडच्या तिकडं करत होता. शेजारीण होती. मी विचारायच्या आधी तिनंच सांगितलं, लेकरू गेलं मास्तर. परवा.

मी विचारलं, केव्हा? हा प्रश्न विचारणं हे माझं कामच होतं.

नवरा म्हणाला, तांबडं फुटायच्या आत. शेजारीण म्हणाली, कोंबडा आरवायचा होता. परवाची पहाट म्हणजे तीच पहाट. सूर्य उगवला नव्हता. म्हणजे नियमाप्रमाणे लाल रेघ, मयतांची यादी, आणि त्या यादीचा पाटलांच्या जन्म-मृत्यूच्या वहीशी मेळ. मग कशानं गेलं, हा प्रश्न. मग देवी कुठून आली. मग खालची वस्ती, आणि तिथल्या चिट्ठ्यांवर माझ्या अक्षरातली तारीख.

बाई पहिल्यांदाच बोलली. "त्याला काढा तुमच्या कागदातनं. मोजलं म्हणून गेलं ते. आता मेलेलं जित्यांत ठिवलं, तर पुढचं लेकरू बी ठरायचं न्हाय."

मी त्या पोराची चिट्ठी शोधली. लाल पेन्सिल खिशात होती. चिट्ठीकडं बघितलं, आणि म्हणालो की सूर्योदयाच्या वेळी ते होतं असं धरतात, नियम आहे, मला खोडता येत नाही. नवरा माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, पण आमी सांगतोय ना, उजाडलं नव्हतं. मी म्हणालो, कागदावर घड्याळाचा हिशोब असतो. त्या गावात घड्याळ फक्त माझ्याकडं होतं.

 त्यांना मी शिकलेला वाटत होतो.

मी उठलो तेव्हा बाई म्हणाली, "मास्तर, त्या दिशी तुमी खालच्या वस्तीवरनंच आला हुता न्हवं?"

आणि मी दुसऱ्यांदा नाही म्हणालो.

पाटलांनी वहीत मृत्यू दुसऱ्या दिवशी दाखवला, कारण ताप. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, त्यांनी मला काही विचारलं नाही. मेळ बसला. टोचणारा आला तो आणखी घरांना टहाळे लागल्यावर. आला तेव्हा बाया पोरं घेऊन ज्वारीत जाऊन बसल्याच, पण काढणी संपत आली होती, लपायला फार जागा नव्हती. त्याच उन्हाळ्यात मला कायम केल्याचा हुकूम आला. शेऱ्यात काम चोख असं लिहिलं होतं. आईनं पेढे वाटले. त्या पेढ्यातला एक मी जिभेवर ठेवला आणि मागच्या दारी जाऊन थुंकला.

हे सगळं माझ्यामुळंच झालं का, मला माहीत नाही. खरंच नाही. गावातली माणसं त्या वस्तीवरच्या माणसांबरोबर शेतात होती, कुणीही आणली असेल. मी स्वतःला हे पुष्कळ वेळा सांगितलं आहे. पण मग मला दस्तीचं टोक दिसतं.

काही वर्षांनी जिल्ह्याचं खानेसुमारीचं जाडजूड पुस्तक निघालं. गावोगावचे आकडे त्यात. उस्मानाबादला एका कचेरीत ते कपाटात होतं. मी आमचं गाव काढलं, ओळीवर बोट ठेवलं. घरं इतकी, माणसं इतकी, पुरुष इतके. पुरुषांच्या आकड्यात एक जास्त आहे. हे फक्त मला माहीत होतं. कारकुनानं विचारलं, काय पाहिजे मास्तर? मी म्हणालो, काही नाही. त्यानंतर शाळांच्या भिंतींवर गेरूनं लिहिलं जायला लागलं, देवीचा रोगी दाखवा आणि बक्षीस मिळवा. मी ज्या ज्या शाळेवर गेलो तिथल्या भिंतीवर ते होतं. पोरं मोठ्यानं वाचायची. मग देवी देशातूनच गेली, आणि त्या अक्षरांवर चुना फिरला.

आता गेल्या महिन्यातलं. यंदाच्या गणतीत मला पर्यवेक्षक केलं आहे, हाताखाली सहा प्रगणक. त्यांच्या वाटणीत ते गाव आलं. बदलून घेता आलं असतं. मी अर्ज लिहिला होता आणि फाडला.

प्रगणक एक तरुण बाई आहे, नवीन लागलेली, फार नीटनेटकी. चिंचेखालच्या घरी ती पुढं, मी मागं. घराला आता पत्रा आहे. उंबऱ्यात तीच बाई बसलेली, केस पिकलेले, ज्वारी पाखडत होती. तिनं मला ओळखलं. या मास्तर, म्हणाली. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, आणि माझे पाय अंगणातच थांबले.

यंदा बायकांना एक नवा प्रश्न आहे. प्रगणक बाईनं तो वाचून दाखवला, आजपर्यंत किती मुलं झाली, त्यातली हयात किती. सुपातली ज्वारी थांबली. बाई म्हणाली, हयात दोन. आणि झाली किती, ते ह्यांना इचार, ह्यांच्या कागदात हाय.

प्रगणक पोरीला वाटलं थट्टा आहे, ती हसली आणि माझ्याकडं बघायला लागली. मला पाणी मागावंसं वाटलं. मागितलं नाही.

"बाई," मी म्हणालो, "त्या दिवशी मी खालच्या वस्तीवरूनच आलो होतो. देवीच्या घरात बसून आलो होतो. तुमचं पोर पहाटे गेलं हेही खरं होतं. खोडायला पाहिजे होतं. मी खोडलं नाही."

ती रडली नाही, शिवी दिली नाही. मी दोन्हींची वाट बघत होतो. तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली, आत जाऊन बाळाला उचललं आणि सुनेच्या हातात देऊन तिला मागच्या खोलीत धाडलं. मग उंबऱ्यात येऊन उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला.

"मग तुमी हितंच थांबा मास्तर," ती म्हणाली. "आत येऊ नका. सुनंचं पोर हाय घरात."

देवी जाऊन कैक वर्षं झालीत, मला टोचलेलं आहे, माझ्या अंगावर काही नाही, यातलं काहीही मी म्हणालो नाही. मी चिंचेपर्यंत मागं गेलो. प्रगणक बाई उंबऱ्याशी बसून लिहायला लागली. बाई तिला एकेक सांगत होती, हळू आवाजात, मला ऐकू जाऊ नये म्हणून.